औषध कुलपात ठेव

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची होती. दुसरी भाषा कन्नड. मराठी फक्त घरात होती, आणि वाचायला मी शिकले ती दुकानांच्या पाट्यांवरून आणि आप्पांच्या पेपरवरून. त्यामुळं मराठी शब्दांबद्दल मला कायम थोडी धास्ती असते. बोलताना आपण बरोबर शब्द उचललाय का, हे मी समोरच्याच्या चेहऱ्यावर बघत राहते. फोनवर चेहरा दिसत नाही.

आमचं गाव निपाणीच्या पुढं, कोगनोळीच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून आहे. घरी आई, आप्पा आणि माझा थोरला भाऊ. त्याला मी अण्णा म्हणते. मी बेळगावात खोली घेऊन राहते आणि जवळच मच्छे गावातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. सुट्टीला घरी जाते.

अण्णाची मोटारसायकल कोगनोळीजवळ सर्व्हिस रोडवर घसरली आणि मांडीत रॉड घालावा लागला. दुखणं थांबायला गोळ्या दिल्या होत्या. हाड जुळलं, गोळ्या राहिल्या. इकडचा दुकानदार चिठ्ठी मागायला लागला की तो हद्द ओलांडून पलीकडं महाराष्ट्रात जायचा, तिकडचा मागायला लागला की आणखी पुढं. नाक्यावर ट्रक थांबवतात, खिसा कोण बघणार? घरात आम्हाला कळलं तेव्हा तो गोळ्यांशिवाय सकाळी उठू शकत नव्हता. अंग मोडून यायचं, नाक गळायचं, पांघरुणात थरथरत पडायचा आणि एक गोळी पोटात गेली की पुन्हा माणसात यायचा. आता दुखायचं ते पायात नव्हतंच.

बेळगावातल्या दवाखान्यात उपचार सुरू झाले. तिथं दुसरी गोळी देतात. ती गिळायची नाही. जिभेखाली धरायची, पूर्ण विरघळेपर्यंत. तोवर बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, थुंकी गिळायची नाही. काही मिनिटंच लागतात, पण शेजारीपाजारी येता-जाता हाक मारणाऱ्या गावात ती मिनिटं लांब असतात.

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आक्का विरजण मागायला आल्या. अण्णा कट्ट्यावर बसला होता, गाल थोडे फुगलेले.

"काय रं, च्या झाला का?"

अण्णानं मान हलवली.

"तोंडात काय मूग धरल्यात काय? मोठ्या माणसानं इचारलं तर बोलावं माणसानं."

आई आतून विरजणाची वाटी घेऊन आली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "त्यानं सकाळचं मौन धरलंय, आक्का. नेम घेतलाय."

आमच्याकडं नेम ही खरी गोष्ट असते. कुणी रात्रीचं पाणी सोडतं, कुणी कांदा-बटाटा, कुणी चार महिने एकवेळ जेवतं. नुकतंच दशलक्षण पर्व झालं होतं, त्यामुळं आक्कांना शंका यायचं कारण नव्हतं. त्यांचा चेहराच बदलला. अण्णापुढं हात जोडायच्या बेतात होत्या. दुसऱ्या दिवशी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, बायका आईला म्हणाल्या, पोरगं सुधारलं तुझं, पुण्य लागतं असलं पोटी यायला. म्हातारी माणसं रस्त्यात अण्णाला बघून मान लववायला लागली.

सुट्टीला मी घरी गेले तेव्हा अण्णानं मला हे सांगितलं आणि तो हसला. कितीतरी दिवसांनी. "आता पुढच्या साली दीक्षाच घ्यावी लागती गं मला," म्हणाला. "आईनं लई वर नेऊन ठेवलंय. उतरायला शिडी न्हाय."

मीही हसले. पण आई हसली नाही. ती देवापुढं दिवा लावत होती आणि तिची पाठ आमच्याकडं होती.

हसण्यावर जाऊ नये. गोळी सुरू झाल्यावर सगळ्यांना वाटलं, आता सुटलं. आप्पांना तर वाटलं, आता तो लगेच आमच्या तंबाखूच्या शेतात उतरेल. शरीर खरंच सावरलं होतं. थरथर गेली, भाकरी जाऊ लागली. पण आतून काहीतरी उघडं पडलं होतं. आधी तो घरात असूनही नसायचा. आता तो होता, आणि असणं त्याला जड जात होतं. घाम यायचा, पोट साफ व्हायचं नाही, झोप तुटायची. टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातीला डोळ्यांत पाणी यायचं. वासरू हंबरलं तरी दचकायचा. दिवस एवढा मोठा असतो हे तो विसरला होता. "दुपारचं काय करत्यात गं लोकं?" त्यानं मला एकदा खरंच विचारलं. मी तर दुपारची ऑफिसात असते.

दवाखान्यात त्याच्याबरोबर मी जाते. तिथली समुपदेशक माझ्याच वयाची, कन्नड बोलणारी मुलगी आहे. तिला मराठी समजतं पण अडखळत, आणि अण्णाचं कन्नड बाजारापुरतं. मनातलं सांगायला त्याला ते पुरत नाही. म्हणून मी मध्ये बसते. तिच्याकडं इंग्रजीत प्रश्न असतात. गेल्या काही आठवड्यांत झोप कशी होती, जगण्यात आनंद किती वाटतो, अंगात उभारी आहे का, माणसांशी संबंध कसे आहेत. मी ते मराठीत करते. इंग्रजीत हे प्रश्न इस्त्री केलेल्या कपड्यांसारखे दिसतात. मराठीत आणले की लगेच घरातले होतात.

"जगण्यात मजा वाटते का, असं विचारतायत."

"मजा करूनच हितं आलोय न्हवं," अण्णा म्हणाला.

मी ते इंग्रजीत सांगितलं. समुपदेशक हसली, आणि मग तिनं पेन खाली ठेवलं. पुढचा प्रश्न तिनं हळू विचारला, माझ्याकडं न बघता, त्याच्याकडं बघून. जगणं नको असं वाटतं का कधी?

मी तो प्रश्न मराठीत विचारला. सख्ख्या भावाला हे विचारायला मला मराठीत कुठलाच शब्द सोपा पडला नाही.

अण्णा खिडकीकडं बघत होता. खाली रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं. "कधीमधी," तो म्हणाला.

ते मला इंग्रजीत सांगायचं होतं. त्याचं 'कधीमधी' माझ्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा क्षणभर वाटलं, हे मीच माझ्याबद्दल बोलले.

मग तिनं त्याच्याशी बराच वेळ बोलून घेतलं. मनात काही ठरवलंय का, आधी कधी प्रयत्न केलाय का. नाही, त्यानं सांगितलं, नुसतं वाटतं, आणि जातं. डॉक्टरांनीही बघितलं, झोपेचं आणि मन उतरण्याचं बोलले, लवकर परत या म्हणाले. निघताना समुपदेशकानं मला बाजूला घेतलं. इंग्रजीत म्हणाली, त्याला एकटं पाडू नका, विचारायला घाबरू नका, गोळी एकही दिवस चुकू देऊ नका. आणि तुम्ही शेतकरी आहात, घरात पेस्टिसाइड असेल, ते कुलपात ठेवा.

त्या संध्याकाळी अण्णाला निपाणीच्या बसमध्ये बसवलं आणि मी आईला फोन केला. अण्णा पोचायच्या आत सांगायला हवं होतं. बसस्टँडवर गोंगाट होता, शेजारी माणसं होती. मी तोंडावर हात धरून बोलले.

"आई, औषध कुलपात ठेव."

"का गं?"

"दवाखान्यात सांगितलंय. आजच ठेव. आणि त्याच्यासमोर बोलू नको."

"बरं."

एवढंच. मला हायसं वाटलं. आई कधी दोनदा विचारत नाही.

आता सगळं सरळ दिसतं. आमच्याकडं पिकावर मारायचं असतं ते औषध. दवाखान्यातून आणतात तेही औषध. इंग्रजीत मला दोन शब्द शिकवले, मराठीत एकच मिळाला. आणि आमच्या घरात त्या एका शब्दाची वाटणी झालेली होती, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आईनं लग्न होऊन आल्यापासून शेडातल्या फवारणीच्या डब्यांना हात लावलेला नाही. जीव मारायची वस्तू. ती शेडाच्या त्या कोपऱ्याकडं बघतही नाही, आप्पांचे फवारणीचे कपडे सुद्धा ती धूत नाही, तेच धुतात. आईचं औषध कपाटात असतं, आप्पांचं शेडात. मी आईला सांगितलं, आईनं तिचं औषध कुलपात ठेवलं. अण्णाच्या गोळ्या स्टीलच्या कपाटात गेल्या आणि किल्ली तिच्या कमरेला. रोज बस्तीला जाताना ती त्या दिवसाची गोळी काढून वाटीत ठेवायला लागली.

मी रोज सकाळी फोनवर विचारायची, "औषध कुलपात हाय न्हवं?"

"हाय की," आई म्हणायची.

आणि मी निर्धास्त कंपनीच्या बसमध्ये बसायची. निर्धास्त हा शब्द खरा नाही. घरून फोन आला की उचलण्याआधी मी घड्याळ बघायची. आला नाही तरी बघायची. ऑफिसात स्क्रीनवर ऑर्डरचे आकडे असायचे आणि मी ऐकत बसायची, मोबाईल कधी थरथरतो ते. कुणी विचारलं तर मी डोकं दुखतंय म्हणायची. घरचं बाहेर बोलायची मला सवय नाही. बरोबर काम करणाऱ्या मुलीला वाटायचं, माझं कुठंतरी जमलंय.

तंबाखूवर कीड दिसायला लागली तो आठवडा. सुट्टीला घरी गेले तेव्हा अण्णा शेडाच्या पायरीवर बसला होता. सकाळची गोळी तो आता तिथंच घ्यायचा, आक्कांच्या भक्तीला कंटाळून. मला म्हणाला, "कटाळा आलाय गं."

"कशाचा?"

"माझाच."

विचारायला घाबरू नका, समुपदेशक म्हणाली होती. मी विचारणार होते. तेवढ्यात आप्पांनी फवारणीचा पंप उचलायला हाक मारली आणि तो उठून गेला. संध्याकाळी मी बेळगावला परत आले.

दुसऱ्या दिवशी कंपनीची बस लवकर आली म्हणून मी रोजच्यापेक्षा आधी फोन केला. आईचा फोन आप्पांनी उचलला.

"आई बस्तीला गेलीया. फोन इसरून गेली."

आप्पांशी मी फोनवर फारसं बोलत नाही. तेही नाही. पण तोंडात रोजचं वाक्य तयार होतं. "आप्पा, औषध कुलपात हाय न्हवं?"

"कुलपात? कुलपात कोण ठेवतंय?" आप्पा म्हणाले. "शेडात हाय, दाराम्होरं. आज मारायचंय तंबाखूला."

"पण मी आईला सांगितलेलं."

"तिला काय सांगतीस? ती हात तरी लावती का त्याला?"

बस कुठल्यातरी चौकात वळत होती. मला चौक आठवत नाही. मी विचारलं, "अण्णा कुठाय?"

"मघाशी गेला की शेडाकडं."

"काय बोलला?"

"काय बोलतोय. सकाळचं बोलतोय का त्यो?"

मी फोन ठेवला आणि अण्णाला लावला. वाजत राहिला. तुटणार तेवढ्यात उचलला गेला. वाऱ्याचा आवाज, आणि नाकानं घेतलेला श्वास.

"अण्णा?"

"हं."

"कुठायस?"

"हंऽ."

"शेडात हायस?"

"हं."

तोंडात काहीतरी भरलेलं असावं तसा तो आवाज होता. मी विचारलं, आणि विचारताना मला ठाऊक होतं मी काय विचारतेय. "औषध घेतलंस?"

"हं हं."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मला कळलं असतं. गोळी तोंडात असताना तो फोन उचलत नसे. मी नेहमी नंतर करायची, तो नंतर बोलायचा. त्या दिवशी मी लवकर केला होता, आणि त्यानं उचलला, कारण, त्यानंच नंतर सांगितलं, आदल्या दिवशी मी काहीतरी विचारायची राहिले होते असं त्याला वाटलं होतं.

शेडापासून सगळ्यात जवळ आक्कांचं घर. मी आक्कांना फोन लावला.

"आक्का, अण्णानं औषध घेतलंय. शेडात हाय. पळा."

आमच्या भागात हे वाक्य ऐकल्यावर कुणी विचारत नाही, कसलं औषध. औषध घेतलं, औषध पिलं, याचा अर्थ लहान मुलालाही कळतो. आक्कांनी फोन न कापताच टाकला. मला सगळं ऐकू आलं. "अगं माझ्या बाई! धावा रं! पोरानं औषध पिलं!" मग पायांचे आवाज, कुत्रं भुंकायला लागलं, कुणीतरी मीठ मीठ ओरडत होतं. मग आवाज बंद.

मी ड्रायव्हरला बस थांबवायला लावली. शेजारची मुलगी काय झालं, काय झालं विचारत होती, आणि मी तिला डोकं दुखतंय म्हणाले. त्याही वेळी. रस्त्याच्या कडेला उभं राहून मी दवाखान्यात समुपदेशकाला फोन केला. इंग्रजीत सांगायला सुरुवात केली आणि शब्द अडला. मी मराठीतच म्हणाले, त्यानं औषध घेतलं.

"कुठलं?" ती इंग्रजीत म्हणाली. "टॅब्लेट की पेस्टिसाइड?"

"औषध," मी म्हणाले.

तिनं पुन्हा विचारलं. त्याच क्षणी मला त्याचा श्वास आठवला. नाकानं घेतलेला. ओठ मिटलेले.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"मग माहीत होईपर्यंत पेस्टिसाइडच धरून चला," ती म्हणाली. "लगेच जवळच्या दवाखान्यात न्यायला सांगा. तोंडात काही घालू नका म्हणावं, उलटी काढायला बघू नका."

मी अण्णाला लावला, उचलला नाही. आप्पांना, उचलला नाही. आक्कांना, उचलला नाही. रिक्षा करून स्टँडवर आले आणि सुटणाऱ्या बसमध्ये उभ्यानंच चढले. फोन कानाला लावून मी त्या वाजणाऱ्या घंटीत काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत होते. मनात एकच घोळत होतं, टॅब्लेट, पेस्टिसाइड, टॅब्लेट, पेस्टिसाइड. शाळेत स्पेलिंग पाठ करायचो तसं. खिडकीबाहेर ऊस होता, ढाबे होते, माणसं आपापल्या कामाला चालली होती. मला त्या सगळ्यांचा राग येत होता.

काकतीच्या पुढं फोन वाजला. अण्णाचं नाव.

"तुझं डोस्कं फिरलंय काय गं?"

घोगरा, चिडलेला, जिवंत आवाज. मी फोन छातीशी धरला. आतून तो हॅलो हॅलो करत होता.

शेडात काय झालं ते मी पाहिलं नाही. मला ते तिघांनी सांगितलं आणि तिघांचं एकसारखं नाही. आक्का म्हणतात, त्या सगळ्यात आधी पोचल्या आणि अण्णा पायरीवर डोळे मिटून बसलेला. त्यांनी त्याचं डोकं मागं धरून मिठाच्या पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. अण्णा हातानं नको नको करत होता, पण बोलायला तयार नव्हता, कारण गोळी विरघळायची होती. बोलला असता तर एका वाक्यात मिटलं असतं. पण इतके आठवडे ती गोळी वाया जाऊ नये म्हणून तोंड मिटून बसायची त्याला सवय लागली होती, आणि तो त्या गर्दीतही तोंड मिटूनच झटापट करत होता. लोकांना वाटलं, विषानं दातखीळ बसली.

मग आप्पा पळत आले. आप्पांचा गुडघा धड नाही. मी त्यांना पळताना बघितलेलं नाही. आप्पा, ज्यांनी उपचार सुरू झाल्यापासून त्या गोळीचं नाव काढलं नव्हतं, त्यांनी अण्णाचा जबडा धरला आणि बोटं आत घातली. अर्धी विरघळलेली केशरी गोळी त्यांच्या तळहातावर आली.

आप्पांनी ती बघितली. "गोळी हाय ही," ते म्हणाले.

"व्हय," अण्णा म्हणाला. मिठाच्या पाण्यानं तो खोकत होता. "माझी गोळी."

"कसली गोळी रं?" आक्का.

इथं तो काहीही सांगू शकला असता. पित्ताची, पायाची, झोपेची. आई असती तर तिनं सांगितलं असतं. तो म्हणाला, "नशेच्या गोळ्या खात हुतो मी, आक्का. पाय मोडल्यापासनं. त्या सुटाव्यात म्हणून ही. जिभंखाली धरावी लागती, तवर बोलता येत न्हाय."

पंपातून पाणी ठिबकत होतं म्हणे.

मग आक्का हळूच म्हणाल्या, "म्हंजे मौन न्हवतं व्हय ते?"

"न्हवतं."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. आप्पा खाली मातीत बसले होते. तळहात तसाच उघडा. ते अण्णाला म्हणाले, "आता हिचं काय करायचं?"

दवाखान्यात विचारून ते ठरवलं. मी घरी पोचले तेव्हा आई बस्तीतून येऊन सगळं ऐकून बसली होती. मला बघून तिनं कमरेची किल्ली काढून पुढं केली. "कुलपात हाय गं," म्हणाली. "तू सांगितल्यापासनं कुलपातच हाय."

तेव्हा मला कळलं की कुलपात काय होतं. तिचं चुकलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याले.

संध्याकाळी आप्पांनी शेडाच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. मी शेडाच्या पायरीवर अण्णाशेजारी जाऊन बसले आणि विचारायचं राहिलं होतं ते विचारलं. मला वाटलं होतं तो चिडेल.

"येतं मनात," तो म्हणाला. "पण आज आक्कानं तांब्या लावला तवा मी काय करत हुतो ठावं हाय? गोळी वाचवत हुतो." मग म्हणाला, "मरायचं असतं तर वाचवली असती का गं?"

त्याचं त्यालाच ते विचारू द्यावं असं वाटलं.

गावात पुढं जे व्हायचं ते झालं. पानपट्टीवर त्याला मौनीबाबा म्हणतात. "बाबा, आज प्रवचन न्हाय व्हय?" एका घरानं त्यांच्याकडच्या लग्नाचं आमंत्रण आईला दिलं आणि अण्णाचं नाव घेतलं नाही. आक्का मात्र येतात. पहिल्यासारख्याच. तो तोंड मिटून बसलेला असेल तर, "बस बस, चालू दे तुझं औषध," म्हणून आत जातात. तो आता शेडात जात नाही. कट्ट्यावर, सगळ्यांच्या समोर बसतो. पुढच्या खेपेला समुपदेशकानं तेच प्रश्न विचारले तेव्हा तो म्हणाला, "लपायचं काम कमी झालंय." मी ते इंग्रजीत नीट सांगू शकले असं मला वाटत नाही. त्या जगणं नको वाटण्याच्या प्रश्नाला तो म्हणाला, "कधीमधीच. पयल्यापेक्षा कमी." हे मी शब्द न शब्द सांगितलं.

आईचं वेगळंच झालं. आपण नेमाच्या नावावर खोटं बोललो, हे तिच्या मनातून जाईना. लोक काय म्हणतील याचं नव्हतं ते. एके दिवशी बस्तीतून आली आणि तिनं खरंच सकाळचं मौन धरलं. प्रायश्चित्त म्हणून. अण्णानं समजावून बघितलं, "अगं, माझ्यापायी कशाला?" तिनं बोट ओठांवर ठेवलं. आता सकाळी दोघं कट्ट्यावर बसतात, आई शेंगा सोलत आणि तो गोळी धरून, आणि कुणीच बोलत नाही.

त्यामुळं माझा सकाळचा फोन अडचणीत आला. आई बोलणार नाही, अण्णाला बोलता येणार नाही, आप्पा तंबाखूत. मी नंतर करेन म्हटलं. पण नंतरपर्यंत मला धीर निघत नाही, हे अण्णानं ओळखलं. मी काही सांगितलं नव्हतं. त्यानंच काढली ही युक्ती. तो फोन उचलतो आणि फोनच्या पाठीवर नखानं दोनदा वाजवतो. टक टक. म्हणजे गोळी जिभेखाली आहे आणि मी आहे. मग आई फोनजवळ हात नेऊन बांगड्या हलवते.

कंपनीच्या बसमध्ये मी फोन कानाशी धरून बसते. शेजारची मुलगी विचारते, कुणाशी बोलतेस, तुझा आवाज तर येत नाही. परवा मी तिला सांगितलं, भावाशी. त्याचं औषध चालू आहे. ती म्हणाली, "अय्या, कसलं?" आणि मी तिला गाडी कारखान्याच्या फाटकात वळेपर्यंत सांगत होते.

आज फोन उचलला गेला आणि टक टक आली नाही. वारा होता. वासरू ओरडत होतं. मी वाट बघितली. बस सिग्नलला थांबली, सुटली. मी हाक मारली नाही, कारण हाक मारली की माझा आवाज कसा येतो ते मला माहीत आहे. मग लांबून आईच्या बांगड्या वाजल्या, घाईघाईनं, आणि त्यांच्या मागोमाग त्याचं नख. एकदा. मी फोन कानाशी आणखी दाबला. मग आणखी एकदा, टक.